पायाळूची टाच

परवा पेणच्या बाजारात भेंडी निवडत उभा होतो. कुठूनसा पिकल्या भाताचा वास आला. गोडसर, थोडा धुळीचा, थोडा उन्हात तापलेल्या पेंढ्याचा. अशा वासाने लोकांना बालपण आठवतं, आईच्या हातची पेज आठवते. माझा डावा घोटा ठणकला आणि मला नाना आठवला. भेंडी मी इतक्या जोराने मोडली की भाजीवाली म्हणाली, "काका, कवळी हायत सगली. एकेकीचा जीव कशाला घेता?"

नाना माझा चुलत भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. कासूच्या पलीकडे आमची दोघांची शेतं एकमेकांना लागून आहेत आणि मध्ये एक बांध आहे. मी पेणच्या एका शाळेत क्लार्क. कापणीच्या दिवसांत रजा टाकतो, डोक्याला टॉवेल गुंडाळतो आणि आपण शेतकरी आहोत असं स्वतःला पटवतो. कापतात गावातल्या बायका. मी चहा नेतो.

त्या बांधाबद्दल सांगायला हवं. आमच्या लहानपणी डोक्यावर भारा घेतलेला माणूस त्यावरून समोरून येणाऱ्या बैलाला वाट देऊ शकत असे. पण दर पावसाळ्यात, चिखलणी सुरू झाली की नाना फावडं घेऊन बांध 'साफ' करतो. गवताबरोबर चार बोटं माती जाते, आणि जाते ती त्याच्याच खाचरात. चार बोटांसाठी भावाशी भांडायला गेलं तर भांडणाराच हलका दिसतो. म्हणून मी कधी बोललो नाही. नुसता रागावत राहिलो. दरवर्षी बांध बारीक होत गेला आणि माझा राग जाड.

गेल्या वर्षीचा हंगाम मला अजून दिवसागणिक आठवतो. आमच्याकडे भात दोन खेपांना तयार होतं. हळवं आधी, दसऱ्याच्या आगेमागे. गरवं पुढे, दिवाळी उलटून गेल्यावर. हळव्याच्या कापणीचा पहिला दिवस होता. दव अजून सुकलं नव्हतं. लोंब्या ओल्या, जड, खाली वाकलेल्या. कोळ्यांची जाळी धाटाधाटावर चमकत होती आणि विळ्यांचा तो खर्र खर्र आवाज, एका लयीत, शेतभर पसरलेला. मी पायात नवी सँडल आणि हातात चहाचा थर्मास घेऊन बांधावरून निघालो. मनात, खरं सांगायचं तर, मी फार बरा दिसत असेन असं काहीतरी चाललं होतं.

बांध पायाखालून गेला. पाय आत वळला, घोट्यात ओली काटकी मोडल्यासारखं झालं, आणि मी थर्माससकट नानाच्या शेतात. कापणाऱ्या बायका थांबल्या. नाना विळा कमरेला खोचून सावकाश जवळ आला. उठायला हात देईल असं वाटलं होतं. तो नुसता बघत राहिला, मग बायकांकडे वळून म्हणाला, "शेरातला पाय हाय तो. बांधावर नाय टिकायचा."

बायका हसल्या. सगळ्यांची म्होरकी पारूबाई तोंडावर पदर धरून हसली. मालती, माझी बायको, तीही हसली. ती आजवर नाकारते. पण मी खाली होतो, आणि खालून माणसाचे दात फार स्पष्ट दिसतात.

त्या चिखलात बसून मी ठरवलं. गरवं भात खळ्यावर येईल त्या दिवशी, याच बायकांसमोर, मी या बांधावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालेन. आणि नानाला याच बायकांसमोर मान खाली घालायला लावीन. हातात दीड महिना होता, आणि उभं राहायला एकच पाय.

हाड मोडलं नव्हतं. पेणच्या डॉक्टरांनी फोटो काढून तसं सांगितलं आणि पट्टी बांधली. पंधरा दिवस झाले तरी घोटा रंग देण्याआधीच्या गणपतीच्या पोटासारखा गुळगुळीत आणि गोल. मालतीने हळद-मीठ लावलं, वीट शेकली, निरगुडीचा पाला बांधला. घरात शिरलं की स्वयंपाकघर कुठलं आणि माझा पाय कुठला हे वासावरून कळेना. शेवटी एका सकाळी ती चहाचा कप ठेवत म्हणाली, "मी काय म्हणते, नाना भावजींना बोलवू या का?"

"कशाला?"

"नुसता पाय लावतील. त्यात काय?"

त्यात काय होतं ते सांगतो. नाना पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायाकडून आलेला. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. गावात कुणाचीही कमर धरली की नानाला बोलावणं येतं. रोगी वाकून उभा राहतो, नाना तीन वेळा डावा पाय त्याच्या पाठीला लावतो, रोगी सरळ होतो आणि नानाच्या पुढ्यात नारळ येतो. मी रीतसर डोक्याकडून आलो, आणि त्यानंतर डोक्याचा म्हणावा तसा उपयोग केला नाही.

लहानपणी या गोष्टीचा मला फार हेवा वाटे. पायाळूवर वीज पडते म्हणून, आभाळ गडगडलं की काकी नानाला ओढून घरात नेई, गोधडीत गुंडाळून माजघरात बसवी आणि हातात गुळाचा खडा देई. मी अंगणात. मी ओरडून विचारायचो, "काकी, माझ्यावर पडली तर?" काकी आतून म्हणे, "तुझ्यावर कशाला पडंल रं? तिला काय दुसरी कामं नायत?" विजेनेही ज्याची दखल घेऊ नये असा मी एक पोरगा, आणि आत गूळ चघळणारा नाना. पन्नाशी उलटली तरी त्या गुळाचा वास माझ्या नाकातून गेलेला नाही. सुडाची भावना कुठे रुजते ते शोधायला गेलं तर फार लांब जावं लागतं, आणि जिथे पोचतो तिथे हा एवढासा खडा असतो.

"पायाळूचा पाय उसणीला चालतो," मी मालतीला म्हणालो, "मुरगळलेल्या घोट्याला नाही."

"लावून बघायला काय जातं?"

"माझी अब्रू जाते."

"ती तर त्या दिवशी चहाबरोबर सांडली," ती म्हणाली आणि कप घेऊन गेली.

आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी लेझरचं सुचवलं. थंड लेझर म्हणतात. नुसता प्रकाश, चटका नाही, चिरफाड नाही. पेणमध्ये गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत कासूला कळलं असतं, म्हणून मी रोहा गाठलं. रेल्वेने गेलो तर गाडी कासूला थांबणार आणि कुणी ना कुणी ओळखीचं चढणार. म्हणून एसटी. सूड घ्यायचा तर गुप्तता पाळावी लागते.

वडखळच्या नाक्यापासून एसटी अशी उधळायची की प्रत्येक खड्डा माझ्या घोट्याला नावानिशी ओळखत असावा. खिडकीबाहेर मात्र हंगाम ऐन भरात. गडबच्या आसपास कापलेलं भात शेतात आडवं वाळत पडलेलं, त्यावर बगळे पाहुण्यांसारखे फिरणारे. रस्त्याच्या कडेला पसरलेलं धान्य पायाने वर-खाली करणाऱ्या बायका. कुठे नुसती धसकटं आणि त्यातून वर येणारी ओल. तीच ओल धरून पुढे वाल पेरायचे असतात. इतकं सुंदर सगळं, आणि मी त्यातून जाताना नानाला बोलायची वाक्यं पाठ करत होतो. नागोठणं येईपर्यंत साधारण चार तयार व्हायची. रोह्याला उतरेपर्यंत त्यातली तीन पचपचीत वाटू लागायची.

रोह्याच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा, कोपऱ्यात यंत्र. डोळ्यांना काळा चष्मा लावायचा. मग त्या पेनासारखा एक दांडा घोट्याच्या हाडाभोवती एकेका जागी टेकवून धरायच्या. लाल ठिपका, टुक् असा आवाज, पुढची जागा.

"काही वाटतंय का?"

"काही नाही."

"काही वाटायलाच नको."

मी जरा हिरमुसलो. हळदीने चरचरतं, विटेने भाजतं, म्हणजे काहीतरी चाललंय असं तरी वाटतं. हा उजेड आपला येतो आणि शहाण्या पाहुण्यासारखा न बोलता बसून जातो. मी विचारलं, "याने बरं होणार नक्की?"

"बऱ्याच जणांना आराम पडतो, सगळ्यांना नाही," मॅडम म्हणाल्या. "नुसत्या लेझरवर विसंबू नका. व्यायाम करायचा. भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहायचं, रोज."

मी घरी एका पायावर उभा राहू लागलो. मालती म्हणाली, "बगळ्या, जेवायला ये." मी तेही मनात नोंदवून ठेवलं. एकदा राग धरायची सवय लागली की माणूस किरकोळ मालही ठेवतो. चौथ्या-पाचव्या खेपेनंतर सूज उतरली. प्रकाशाचा गुण, व्यायामाचा, की नुसते दिवस गेले, देव जाणे. मी श्रेय रागाला देत होतो.

सहाव्या खेपेला मी चष्मा लावून पडलो होतो आणि पडद्यापलीकडच्या खाटेवर कुणीतरी आलं. आधी खोकला ऐकू आला. तो खोकला मी चाळीस वर्षं शेजारच्या शेतातून ऐकत आलोय.

"काका, उजवी टाच ना? कधीपासून दुखते?" मॅडमनी विचारलं.

"पावसाल्यापासून. सकाली उठून पयलं पाऊल टाकलं का डोल्यात पानी येतं."

"पावसात काही जड काम केलंत?"

"तीन दीस बांध तासला, म्याडम. उतारावर टाच रोवून उभं ऱ्हावं लागतं."

"तीन दिवस? मोठा बांध आहे?"

"होता," नाना म्हणाला, आणि हसला. "शेजारी भाऊ हाय माजा. तो काय बोलत नाय. शेरातला मानूस, त्याला बांध काय नि कुंपन काय."

मी उठून बसलो असतो, पण चष्म्यात काही दिसत नव्हतं. तो जरा वर करून पडद्याच्या खालून पाहिलं तर फरशीवर ती टाच. भेगाळलेली, काळीभोर, उन्हात तडकलेल्या खाचरासारखी. गावाच्या कितीतरी पाठी सरळ करणाऱ्या माणसाची टाच.

मग नानाचा आवाज एकदम बारीक झाला. "म्याडम, कुनाला सांगू नका हां. मी पायालू हाय. पायालूचाच पाय दुखतो कललं तर उद्या माज्याकडं कोन येल? घरात बायकोलाबी म्हाईत नाय."

"नाही सांगत. पण या एकट्या पायावर भार देऊन उभं राहू नका सध्या. अजिबात नाही."

हे वाक्य माझ्या कानातून आत गेलं आणि तिथेच त्याने बसकण मारली. पाठीला लावायचा तो डावा पाय. डावा उचलला की माणूस उजव्यावर उभा राहतो. पेण ते रोहा एवढा प्रवास करून जे सुचलं नव्हतं, ते खाटेवर आडवं पडल्यापडल्या आपण होऊन सुचलं.

"दिगंबर काका, तुमचं झालं. चष्मा काढा," म्हणत मॅडमनी पडदा सरकवला.

नानाच्या डोळ्यांवर आधीच काळा चष्मा. माझ्याही. दोन वयस्क माणसं काळे चष्मे लावून, एकेक पाय उघडा टाकून, एकमेकांकडे तोंड करून बसलेली. आधी त्याने काढला.

"तू?"

"मी."

"इथं कशाला?"

"शेरातला पाय," मी म्हणालो. "नाय टिकला."

त्याने टाच खाटेखाली ओढून घेतली. मग हळूच म्हणाला, "दिगू, गावात बोलू नको." दिगू! तीस वर्षांत त्याने मला या नावाने हाक मारली नव्हती. त्या हाकेने मला दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण 'तो काय बोलत नाय' हे शब्द अजून पडद्यावर तसेच लोंबत होते.

"छे, मी कशाला बोलू?" मी इतक्या गोड आवाजात म्हणालो की माझीच मला भीती वाटली.

गरवं भात खळ्यावर आलं तो दिवस कोरडा, लख्ख होता. दोन्ही घरचे भारे रचलेले, बायका पेंढ्या फळीवर झोडत होत्या, दाणे पावसासारखे उडत होते, आणि त्या सोनेरी धुळीने सगळ्यांच्या भुवया पिवळ्या झालेल्या. मी सँडल काढली आणि अनवाणी बांधावर चढलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. माती थंड, थोडी भुसभुशीत, प्रत्येक पावलाला घोटा विचारायचा, टाकू का? मी म्हणायचो, टाक. शेवटी पोचून विजयाने वळून पाहिलं.

कुणीच बघत नव्हतं. बायका झोडत होत्या. नाना पाठ करून पाणी पीत होता. दीड महिना ज्या क्षणासाठी एका पायावर उभा राहिलो, तो क्षण एका खारीने पाहिला.

तेव्हा मी दुसरं काम काढलं. खळ्याच्या मधोमध येऊन एक भारा उचलल्यासारखं केलं आणि कमरेवर हात ठेवून ओरडलो, "आई गं!"

झोडणी थांबली. "काय झाला?" पारूबाई धावली.

"उसण भरली गं. सरळच होता येईना."

"मंग नाना हाय ना इथंच! ओ नाना, या हिकडं. भावाला पाय लावा."

नानाने माझ्याकडे पाहिलं. मी वाकलेलाच होतो. खालून मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं आणि चेहरा जमेल तितका भोळा केला. मालतीने डोळ्यांना पदर लावला. नवऱ्याने भावापुढे वाकावं हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"पन... आता जेवायची येल झाली," नाना म्हणाला.

"असा काय करता ओ, भाऊ हाय तुमचा," पारूबाई म्हणाली, आणि झालं.

नाना आला. डावा पाय उचलला. माझ्या दोन पायांमधून मला मागची त्याची उजवी टाच उलटी दिसत होती. ती थरथरत होती. पहिल्यांदा पाय लागला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

"उतरली का?" पारूबाईने विचारलं.

"थोडी राहिली," मी म्हणालो. "अजून लाव, नाना. तुझ्या पायाला गुण आहे."

नानाचे दात एकमेकांवर घासल्याचा आवाज मला खालपर्यंत आला. चौथ्यांदा तो माझ्यावर वाकून कुजबुजला, "काय पायजे तुला?"

"बांध," मी धुळीकडे बघत म्हणालो.

"टीचभर वाढवतो."

"अजून थोडी राहिली गं, पारूबाई!"

पाचवा पाय. "वीतभर," तो कण्हला.

"हातभर."

सहावा. "बरं. हातभर. सरल हो आता, मेल्या."

"उतरली!" मी ओरडलो. बायकांनी हसून टाळ्या वाजवल्या. नाना लंगडत पेंढ्यावर जाऊन बसला आणि मान खाली घातली. त्याच बायकांसमोर. जसं मी चिखलात बसून ठरवलं होतं, तसंच.

मी दिमाखात सरळ झालो. आणि सरळ होता होता कमरेत डावीकडे कुणीतरी खिळा ठोकला. एवढा वेळ वाकून उभं राहण्याची या देहाला सवय नव्हती. उसण भरली. खरी.

आता सांगणार कुणाला? नुकतीच सगळ्यांसमोर उतरली होती. मी हसत उभा राहिलो. हसत जेवलो. खळ्यापासून रस्त्यापर्यंत ताठ चाललो, आणि पारूबाई मागून म्हणाली, "बगा, कसा चालतो, नवरदेवावानी."

दोन दिवसांनी रोह्याच्या खाटेवर मी पालथा पडलो होतो. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचा तर घोटा होता ना?" पलीकडच्या खाटेवरून तो खोकला आला. पडदा कुणाला सरकवावा लागला नाही. नानाने स्वतःच सरकवला. माझ्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, तसं मी काकीने गूळ दिल्यावरही पाहिलं नव्हतं.

"खरी हाय काय?"

मी उशीत तोंड खुपसलं.

"म्याडम," नाना म्हणाला, "मशीन ऱ्हाऊंद्या. मी हाय ना. पाय लावतो."

हे सगळं गेल्या वर्षीचं. परवा भेंडी घेऊन घरी आलो, मालतीला म्हटलं, हळवं भात तयार झालं असणार, आणि काल कासूला गेलो. नाना शब्दाचा पक्का निघाला. बांध हातभर रुंद केलाय. चांगला धोपटून, वरून चोपून, कडा रेखून. फक्त माती माझ्या खाचरातली घेतली आहे आणि वाढवलाय तो माझ्याच बाजूने. तक्रार काय करणार? बांध हवा होता, बांध मिळाला.

मी त्यावर चढलो. खाली माझंच भात, हातभर कमी झालेलं, वाऱ्यावर माना डोलवत होतं. कापणीनंतर धसकटं राहतील, ओलीत वाल पडतील, शेंगा भरतील, त्या मडक्यात भाजायची पोपटी लागेल. मडक्याभोवती सगळं गाव बसेल, त्याच बायका असतील. मला एकदोन गोष्टी सुचू लागल्या होत्या.

तेवढ्यात समोरच्या टोकाने नाना येताना दिसला. उजवा पाय जरा जपून टाकत. मीही डावा जपून टाकत होतो. बांध आता एवढा रुंद आहे की दोन लंगडी माणसं एकमेकांना धक्का न लावता शेजारून जाऊ शकतात.

मी मधोमध उभा राहिलो.